स्टोन माउंटनच्या हिरवळीवर एक फलक लावा

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
स्टोन माउंटन मेमोरियल असोसिएशन,
जॉर्जिया

स. न. वि. वि.

तुमच्या ताब्यातल्या डोंगराच्या उत्तर कड्यावर जेफरसन डेव्हिस, रॉबर्ट ली आणि स्टोनवॉल जॅक्सन हे तिघे घोड्यावर बसलेले कोरले आहेत. त्या शिल्पासमोर जी मोठी हिरवळ आहे, जिथे उन्हाळ्यात संध्याकाळी हजारो माणसं बसतात, तिथे ठळक अक्षरांत एक फलक लावावा, एवढ्या एका मागणीसाठी हे पत्र लिहिते आहे. शिल्प कधी कोरलं, कोणी कोरवून घेतलं आणि कशासाठी, हे त्या फलकावर असावं. फलक कुठल्या दालनात नको, इमारतीच्या मागच्या भिंतीवर नको. माणूस मान वर करून शिल्पाकडे बघतो, त्याच जागी तो हवा.

हे पत्र तुमच्याकडे इंग्रजीत वेगळं पाठवलं आहे. मराठीत ते जाहीर करण्याचं कारण असं की अटलांटाच्या आसपास आता मराठी माणसं भरपूर आहेत, आणि भारतातून कोणाचे आईवडील आले की स्टोन माउंटन दाखवायला न्यायचं हे ठरलेलंच असतं. अटलांटापासून पंचवीसेक किलोमीटर, डोंगर चढायला सोपा, वर जायला केबल कारही आहे, खाली रेल्वे, तलाव, मोकळी हवा. आपली माणसं तिथे सतरंज्या अंथरतात, पोळीभाजीचे डबे उघडतात, शिल्पाला पाठ करून फोटो काढतात. त्यांच्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं की आपण कशासमोर उभे आहोत. यात दोष त्यांचा नाही. ते सांगण्याची जबाबदारी ज्यांची होती, त्यांनी पन्नास वर्षं ती पार पाडलेली नाही.

माझ्या मावशीचा प्रश्न सांगते. ती नाशिकची, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली. त्या हिरवळीवर बसून तिने बराच वेळ कड्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हे तिघं कोण गं? इथले राजे का?" मी सांगितलं, अमेरिकेतून फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा हा अध्यक्ष आणि हे दोघे त्याचे सेनापती. ती म्हणाली, "पण ते तर हरले ना? मग एवढं मोठं कोणी करून ठेवलं?" हरल्यानंतर किती वर्षांनी केलं, हेही तिने विचारलं. इतिहासाच्या शिक्षकाला हेच प्रश्न सुचणार. शंभर पावलांवर तुमची तिकीट खिडकी होती, खेळण्यांचं दुकान होतं, पण या प्रश्नांची उत्तरं देणारी एक ओळही नजरेच्या टप्प्यात नव्हती.

नव्या माणसाला वाटतं, यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं, मुलं आणि नवरे गमावलेल्या लोकांनी त्या दुःखात हे कोरलं असेल. डगला, घोडे, छातीशी धरलेल्या टोप्या, सगळं जुनं दिसतं. ग्रॅनाइटला वय दिसत नाही. प्रत्यक्षात हे शिल्प १९७२ मध्ये पुरं झालं. माणूस चंद्रावर जाऊन आला होता तेव्हा.

सुरुवातही युद्धानंतर अर्ध्या शतकाने झाली. युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी (कॉन्फेडरसी म्हणजे फुटून निघालेल्या त्या दक्षिणी राज्यांचा संघ) या संघटनेच्या हेलन प्लेन या वृद्ध विधवा बाईंनी १९१४-१५ च्या सुमारास कल्पना उचलून धरली आणि शिल्पकार गट्झन बोर्ग्लम यांना बोलावणं गेलं. त्याच १९१५ साली, थँक्सगिव्हिंगच्या रात्री, विल्यम सिमन्स नावाच्या माणसाने मूठभर साथीदारांना घेऊन याच डोंगरमाथ्यावर क्रूस पेटवला आणि गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी दहशत माजवणाऱ्या, पण तेव्हा मोडीत निघालेल्या कु क्लक्स क्लॅन या संघटनेला पुन्हा जन्म दिला. डोंगराचे मालक सॅम व्हेनेबल त्या संघटनेतले. डोंगरावर मेळावे भरवण्याचा हक्क पुढे त्यांनी क्लॅनला लिहून दिला. प्लेनबाईंनी बोर्ग्लमना जे पत्र लिहिलं, त्यात तर शिल्पात क्लॅनचे रात्रीच्या पोशाखातले स्वारही असावेत अशी सूचना आहे. ते स्वार कोरले गेले नाहीत. पण ज्यांच्या मनातून हे शिल्प आलं त्यांच्या मनात काय होतं, ते त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं आहे.

पुढची हकिकत फलकावर मावणार नाही एवढी रंजक आहे. बोर्ग्लमनी १९२३ मध्ये काम सुरू केलं. १९ जानेवारी १९२४ ला, लीच्या जन्मदिवशी, त्याचं तोंड लोकांना दाखवलं. मग पैशांवरून आणि कारभारावरून समितीशी भांडण पेटलं. १९२५ मध्ये बोर्ग्लमनी आपले नमुने फोडून टाकले आणि ते राज्याबाहेर निघून गेले. दक्षिण डकोटात माउंट रशमोर कोरणारे ते हेच. त्यांच्या जागी ऑगस्टस लुकमन आले. त्यांना बोर्ग्लमचा ली नको होता. सुरुंग लावून तो कड्यावरून उतरवला गेला आणि नव्याने कोरलेलं लीचं तोंड १९२८ मध्ये दाखवण्यात आलं. त्यानंतर पैसा संपला. कडा छत्तीस वर्षं तसाच पडून राहिला.

छत्तीस वर्षं. त्या काळात दक्षिणेतल्या गोऱ्या माणसाला हे अर्धवट स्मारक पुरं करण्याची घाई झाली नाही. युद्ध पाहिलेले म्हातारे एकेक करून गेले, त्यांच्यासाठीही कोणी ते पुरं केलं नाही. मग घाई कधी झाली? मे १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्राउन खटल्यात निकाल दिला की गोऱ्या आणि काळ्या मुलांसाठी वेगळ्या सरकारी शाळा घटनेत बसत नाहीत. १९५६ मध्ये जॉर्जियाने आपल्या ध्वजात कॉन्फेडरसीचं युद्धचिन्ह घातलं. १९५८ मध्ये, वर्णभेदाचे उघड पुरस्कर्ते मार्विन ग्रिफिन गव्हर्नर असताना, राज्याने हा डोंगर विकत घेतला आणि तुमची ही संस्था स्थापन केली. १९६४ मध्ये, ज्या वर्षी नागरी हक्कांचा कायदा झाला त्याच वर्षी, कड्यावर पुन्हा काम सुरू झालं. वॉकर हॅनकॉक यांच्या देखरेखीखाली, रॉय फॉकनर आणि त्यांच्या कामगारांनी प्रचंड तापमानाच्या ज्वाळेने दगडाचे पापुद्रे उडवत ते पुढे नेलं. ९ मे १९७० ला उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो अ‍ॅग्न्यू यांच्या हस्ते लोकार्पण झालं. उरलेलं काम १९७२ पर्यंत चाललं.

या तारखा एका खाली एक लिहिल्या की वाचणाऱ्याला आणखी काही समजावून सांगावं लागत नाही. म्हणूनच मी फलकाचा आग्रह धरते आहे.

मध्येच २८ ऑगस्ट १९६३ ची तारीख येते. अटलांटात जन्मलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांनी वॉशिंग्टनच्या सभेत देशातल्या डोंगरांची नावं घेत स्वातंत्र्याचा नाद घुमू दे असं म्हटलं, त्यात जॉर्जियाच्या स्टोन माउंटनचं नाव होतं. ते नाव त्यांनी सहज घेतलेलं नव्हतं. या माथ्यावर काय पेटवलं गेलं होतं हे अटलांटातल्या प्रत्येक कृष्णवर्णीय घरात माहीत होतं. त्यांच्या भाषणानंतर वर्षभरात राज्याने तिथे ज्वाळायंत्रं चढवली.

तंत्र म्हणून पाहिलं तर काम थक्क करणारं आहे, हे मी नाकारत नाही. जमिनीपासून चारशे फुटांवर, नव्वद फूट उंच आणि एकशे नव्वद फूट रुंद. पावसाची सर आली की कामगार घोड्याच्या तोंडात आडोशाला उभे राहत, एवढं ते अवाढव्य. जीव धोक्यात घालून ज्यांनी हे केलं त्यांच्या कौशल्याबद्दल मला आदर आहे. पण तिघांपैकी जॉर्जियाचा एकही नाही. ली आणि जॅक्सन व्हर्जिनियाचे, डेव्हिस मिसिसिपीचे. या डोंगरावर नाव घेण्यासारखी लढाईही झाली नाही. जॉर्जियाचा माणूस होता तो कॉन्फेडरसीचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स, आणि २१ मार्च १८६१ ला सव्हाना शहरात त्याने भरसभेत सांगितलं की आमच्या नव्या सरकारची कोनशिला म्हणजे काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही हे तत्त्व. युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी होतं, गुलामगिरीसाठी नव्हतं, असं जेव्हा तुमच्या बैठकांमध्ये कोणी उठून सांगतं, तेव्हा हे भाषण त्यांच्यापुढे ठेवा.

आणि लीचं काय? युद्धानंतर चार वर्षांनी, १८६९ मध्ये, गेटिसबर्गच्या रणभूमीवर सैन्यांच्या जागा ग्रॅनाइटने कायमच्या दाखवण्यासाठी त्याला निमंत्रण आलं. त्याने नकार कळवला. युद्धाच्या जखमा उघड्या ठेवू नयेत, ज्या राष्ट्रांनी यादवीच्या खुणा पुसण्याचा प्रयत्न केला त्यांचं अनुकरण करावं, असं त्याने उत्तरात लिहिलं. ली गुलामगिरीच्या बाजूने लढला, त्याचं मोठेपण मी गात नाही. पण ज्याच्या नावाने हा कडा फोडला त्याचंच मत विचारात घेतलं गेलं नाही, हे तरी लोकांना कळू द्या.

"तुम्ही बाहेरून आलेले, तुम्हाला आमच्या इतिहासात पडायचं कारण काय?" असं मला इथे विचारलं गेलं आहे. मी जॉर्जियात कर भरते, मतदान करते, हे उत्तर पुरेसं आहे. तरी दुसरंही आहे. १८७३ मध्ये, हे युद्ध संपून आठच वर्षं झाली होती तेव्हा, पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध केलं आणि ते अमेरिकेतल्या सज्जन लोकांना अर्पण केलं, गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी जो त्याग केला त्याबद्दल. आपल्या देशबांधवांनीही त्यांचा कित्ता गिरवून शूद्रांना दास्यातून सोडवावं, ही आशा त्या अर्पणपत्रिकेत आहे. समुद्रापलीकडे पुण्यात बसलेल्या माणसाला हे युद्ध कशासाठी झालं ते कळलं होतं. ज्या लोकांना त्यांनी ते पुस्तक अर्पण केलं त्यांच्या देशात, ज्यांनी गुलामगिरीसाठी शस्त्र उचललं त्यांचं सर्वांत मोठं शिल्प उभं आहे, आणि फुल्यांचं नाव घेणारे आपण त्यासमोर बसून कणीस खातो. याची मला लाज वाटते. म्हणून हा इतिहास माझाही आहे.

आता तुम्ही जे केलं ते. २०२१ मध्ये रेव्हरंड अब्राहम मोझली तुमचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले. त्याच वर्षी मे महिन्यात तुम्ही ठराव करून पायवाटेच्या सुरुवातीचे कॉन्फेडरेट झेंडे तिथून हलवायचं आणि शिल्पाचा पूर्ण इतिहास, क्लॅनसकट, सांगणारं प्रदर्शन मेमोरियल हॉलमध्ये उभं करायचं ठरवलं. २०२३ मध्ये विधिमंडळाने त्यासाठी आणि इमारतीच्या दुरुस्तीसाठी १ कोटी १० लाख डॉलर दिले. ही पावलं सोपी नव्हती, दोन्ही बाजूंनी तुम्हाला बोल ऐकावे लागले, आणि त्याबद्दल मी तुमचे मनापासून आभार मानते. २०२५ मध्ये सन्स ऑफ कॉन्फेडरेट व्हेटरन्स या कॉन्फेडरेट सैनिकांच्या वंशजांच्या संघटनेच्या जॉर्जिया शाखेने हे प्रदर्शन कायद्याविरुद्ध आहे म्हणून न्यायालयात धाव घेतली. तिथे तुम्ही माघार घेऊ नये.

पण प्रदर्शन झालं तरी माझी मागणी उरतेच. दालनात जाणारा माणूस मुळात उत्सुक असतो. त्याला थोडंफार ठाऊक असतं, किंवा बाहेर ऊन फार असतं. हिरवळीवर बसणारा, रेल्वेतून फेरी मारणारा, केबल कारमधून शिल्पाच्या बाजूने वर जाणारा माणूस दालनात जाईलच असं नाही. १९८३ पासून तुम्ही त्या कड्यावर लेझरचा खेळ दाखवत आला आहात. कित्येक वर्षं त्या खेळात रेषांनी हे तिघे स्वार जिवंत होऊन दौडत असत, आणि लहान मुलं टाळ्या वाजवत. इतक्या मुलांच्या डोळ्यांत ते वीर म्हणून बसले. त्याची भरपाई एका बंद खोलीतल्या प्रदर्शनाने होणार नाही.

कायद्याचं म्हणाल, तर मी तो वाचला आहे. २००१ मध्ये राज्याच्या ध्वजावरचं युद्धचिन्ह अगदी लहान करताना जी तडजोड झाली, तिच्यात हे शिल्प कधीही बदलू नये, काढू नये, झाकू नये, दिसेनासं करू नये असं लिहिलं गेलं. फलक यातलं काहीही करत नाही. शिल्प तितकंच दिसेल. तो कायदा बदलावा असं माझं मत आहे आणि त्यासाठी मी माझ्या आमदारांना वेगळं लिहीन. २०१७ मध्ये व्हर्जिनियातल्या शार्लट्सव्हिलमध्ये गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या मेळाव्यात झालेल्या हिंसाचारानंतर, तेव्हा जॉर्जियाच्या गव्हर्नरपदासाठी उभ्या असलेल्या स्टेसी एब्रम्स यांनी शिल्प काढून टाकण्याची मागणी केली, ती मला समजते. ज्यांच्या पणजोबांना विकलं गेलं त्यांनी रोज हे का बघावं? पण तो निर्णय विधिमंडळाचा आहे. फलक तुमच्या हातात आहे, पुढच्या महिन्यातही लागू शकतो.

"इतिहास पुसू नका" असं म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की मी भर घालायला सांगते आहे. पुसलं आहे ते आधीच. बोर्ग्लमचा ली सुरुंगाने पुसला. त्याआधी या माथ्यावर येणारे, इथे सभा घेणारे मस्कोगी हे मूळनिवासी लोक १८२१ च्या तहाने ही जमीन गमावून बसले, आणि माथ्यावरची त्यांच्या काळातली म्हणून सांगितली जाणारी दगडी भिंत पुढे नाहीशी झाली. खाणींत काम करणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांची शेरमनटाउन ही वस्ती डोंगराच्या पायथ्याच्या गावात आजही आहे. इथला ग्रॅनाइट पनामा कालव्याच्या बांधकामापर्यंत पोहोचला, पण तो ज्यांनी फोडला त्यांचं नाव कड्याजवळ कुठे नाही. त्याच गावात १९९७ मध्ये चक बरिस हे पहिले कृष्णवर्णीय महापौर निवडून आले आणि ते राहत होते ते घर एकेकाळी क्लॅनचे पुढारी जेम्स व्हेनेबल यांचं होतं. ही गोष्ट ऐकल्यावर मावशी जितकी हरखली तितकी लेझर पाहून हरखली नव्हती.

फलकावर काय असावं याचा मसुदाही देते. तुमच्या इतिहासकारांनी तो तपासावा, दुरुस्त करावा.

"समोरचं शिल्प यादवी युद्धाच्या काळातलं नाही. ते युद्ध १८६५ मध्ये संपलं. शिल्पाची योजना १९१५ मध्ये आखली गेली. त्याच वर्षी याच डोंगरमाथ्यावर कु क्लक्स क्लॅनची पुन्हा स्थापना झाली. डोंगराचे तेव्हाचे मालक त्या संघटनेचे सभासद होते. काम १९२३ मध्ये सुरू झालं आणि १९२८ मध्ये थांबलं. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. १९५८ मध्ये जॉर्जिया राज्याने डोंगर विकत घेतला आणि १९६४ ते १९७२ या काळात शिल्प पुरं करून घेतलं. शिल्पातले तिघे ज्या सरकारसाठी लढले, त्याचा पाया गुलामगिरी हा होता. त्याआधी ही भूमी मस्कोगी लोकांची होती."

यात निंदेचं एकही विशेषण नाही. कोणाला शिवी नाही. सगळं कागदोपत्री सिद्ध झालेलं आहे. इंग्रजीखाली स्पॅनिशमध्ये आणि मस्कोगी भाषेत तो असावा. शेजारी क्यूआर कोडची एक खूण ठेवावी, म्हणजे बाकीच्यांना मोबाइलवर आपापल्या भाषेत वाचता येईल. मराठी मजकूर आम्ही विनामोबदला करून देऊ.

आणखी दोन गोष्टी. उद्यानातले रस्ते अजून रॉबर्ट ली, स्टोनवॉल जॅक्सन आणि जेफरसन डेव्हिस यांच्या नावाने आहेत. शिल्पाला कायद्याचं संरक्षण आहे असं मानलं तरी रस्त्यांच्या पाट्यांना ते आहे का, याचा कायदेशीर सल्ला घ्या आणि तो जाहीर करा. नवी नावं शोधायला लांब जावं लागणार नाही. जॉर्जिया ओक हे झाड शास्त्रज्ञांना पहिल्यांदा याच डोंगरावर सापडलं. सप्टेंबरमध्ये खडकाच्या फटींतून पिवळी फुलं उसळतात. माथ्यावरच्या खळग्यांत पावसाचं पाणी साठलं की नखाएवढे झिंगे जिवंत होतात आणि पाणी आटलं की त्यांची अंडी पुढच्या पावसाची वाट बघत मातीत राहतात. रोज पहाटे डोंगर चढणाऱ्यांना, आणि त्यांच्यात डीकॅल्ब काउंटीतले कृष्णवर्णीय रहिवासी खूप आहेत, हा डोंगर प्रिय आहे तो यासाठी. त्यांना कड्याच्या उत्तर बाजूपासून तोंड फिरवून चालावं लागू नये.

दुसरी गोष्ट, फलकाचा विषय तुमच्या पुढच्या जाहीर बैठकीच्या कार्यपत्रिकेवर घ्या आणि लोकांना बोलायला वेळ ठेवा. तारीख कळली की मी येईन. इथल्या मराठी मंडळींपैकी ज्यांना हे पटतं त्यांनीही यावं, निदान बैठकीआधी संस्थेला दोन ओळी लिहून पाठवाव्यात, अशी त्यांना या पत्रातून विनंती करते. मान्य नसेल तर तेही येऊन सांगा. फलक नाकारायचा असेल, तर संस्थेने त्याची कारणं लेखी द्यावीत.

कळावे,

आपली,
जॉर्जियातली एक मराठी रहिवासी